घरचा पाव आणि बाजारचा पाव

लढाया कोठें झाल्या, तह कोणीं केले व कोणीं मोडले, हें बखरींतून सांपडतें. परंतु त्या लढाया चालू असतांना सामान्य माणसाच्या घरीं काय शिजत होतें आणि तें कोणाच्या हातून शिजत होतें, हें मात्र मुद्दाम शोधावें लागतें. राष्ट्राच्या सुखदुःखाचा जमाखर्च पाहावयाचा असेल तर तो स्वयंपाकघराइतका स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसेल. इंग्लंडमधील पावाचा इतिहास या दृष्टीनें मोठा उद्बोधक आहे. एके काळीं त्या देशाच्या खेड्यापाड्यांत घरीं पाव भाजण्याची चाल सर्वत्र होती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढील शंभर वर्षांत दक्षिण इंग्लंडमधील बहुतेक गरिबांच्या घरांतून ती नाहींशी झाली व पाव बाजारांतून येऊं लागला. तो घराबाहेर कां गेला, गेल्यावर त्याचें काय झालें, आणि त्याला परत घरीं आणा असा उपदेश करणाऱ्यांना कितपत यश आलें, याचा विचार येथें कर्तव्य आहे.

हा विचार करतांना आपली भाकरी डोळ्यांपुढें ठेवावी. ज्वारीचें वा बाजरीचें पीठ, पाणी, एक तवा आणि चुलींत चार काटक्या, एवढ्यावर भाकरी होते. पीठ आंबण्याची वाट पाहावी लागत नाहीं व बंद भट्टीचीहि गरज पडत नाहीं. म्हणूनच दुष्काळ आले, राज्यें पालटलीं, तरी भाकरी आपल्या घरांतून गेली नाहीं. पावाची गोष्ट वेगळी आहे. हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला, आणि ती वस्तु आली ती भट्टीवाल्याच्या हातून, गृहिणीच्या हातून नव्हे. चांगल्या पावाला गहूं लागतो, खमीर लागतें, चोहोंकडून तापलेली भट्टी लागते, आणि या सर्वांवर वेळ लागतो. या चारांपैकीं एक जरी तुटलें, तरी घरीं पाव करणें दुर्घट होतें. इंग्लंडांत काय घडलें तें समजण्यास एवढी एकच किल्ली पुरेशी आहे.

प्रथम कृति पाहूं. गव्हाच्या पिठांत पाणी घालून तें मळलें म्हणजे त्यांत एक चिकट व लवचिक द्रव्य तयार होतें; त्याला ग्लूटेन म्हणतात. ज्वारी-बाजरींत तें नसतें, म्हणून त्यांचें पीठ पोळीसारखें सहज लाटतां येत नाहीं, थापावें लागतें. कणकेंत खमीर घातलें कीं त्यांतील सूक्ष्म जीव पिठांतील साखर खाऊन कर्बवायु सोडूं लागतात. हा वायु ग्लूटेनच्या जाळ्यांत कोंडला जातो व कणीक फुगते. फुगलेली कणीक भट्टींत गेली म्हणजे उष्णतेनें वायु प्रसरण पावतो, मग तें जाळें घट्ट होऊन बसतें आणि पाव हलका व सच्छिद्र होतो. खमीर ही सजीव वस्तु आहे हें १८३७ सालीं फ्रान्समध्यें कान्यार-लातूर यानें व जर्मनींत श्वान यानें प्रतिपादन केलें. पुढें पाश्चरच्या प्रयोगांनीं तें मत सर्वमान्य झालें. इंग्रज गृहिणीला हें शास्त्र ठाऊक नव्हतें, पण त्याचा परिणाम तिला शेंकडों वर्षें चांगला ठाऊक होता.

तिला खमीर मिळे तें घरच्याच मद्याच्या पिंपांतून. सातूचे मोड काढून, ते वाळवून, त्यांपासून एल किंवा बिअर नांवाचें पेय घरोघर करीत. तें आंबत असतां वर जो फेस येई, तो काढून ठेवावयाचा व पावाच्या कणकेंत घालावयाचा, अशी वहिवाट होती. फेंसाला कडवटपणा असे, म्हणून तो पाण्यांत भिजवून निवळून घेत. गोमंतकांतील पोदेर माडाच्या सुरेनें कणीक आंबवीत असत, तोच हा प्रकार. आपल्याकडील जुन्या वळणाच्या घरांतून पाव निषिद्ध मानला जाई, त्याला भाजणाऱ्याच्या जातीइतकीच ही सूरहि कारण होती. इंग्लंडांत तसा प्रश्न नव्हता. तेथें बिअर व पाव हीं एकाच घरांतलीं दोन भावंडें होतीं, आणि एक घरांतून गेलें तेव्हां दुसऱ्याचा आधार तुटला.

भट्टी म्हणजे विटांचा एक घुमट असे. काटक्यांच्या मोळ्या त्याच्या पोटांतच जाळीत. विटा पुरेशा तापल्या कीं निखारे व राख ओढून काढीत, पाव आंत सरकवीत आणि दार बंद करीत. अशा भट्टीला एका वेळीं पुष्कळ सरपण लागे. म्हणून ती रोज पेटवीत नसत, एकदांच पेटवून अनेक दिवसांचा पाव भाजून ठेवीत. ज्यांच्या घरीं भट्टी नसे, ते मळलेली कणीक गांवच्या भट्टीवर नेत व थोडा मोबदला देऊन भाजून आणीत. म्हणजे भट्टी परक्याची असली तरी पीठ आपलें, खमीर आपलें व मळणारा हातहि आपलाच.

शहरांतून मात्र पाव विकणारांचा धंदा फार जुना होता, व त्यांच्याविषयींचा संशयहि तितकाच जुना होता. तिसऱ्या हेन्री राजाच्या कारकीर्दींत, १२६६ च्या सुमारास, पाव व एल यांच्यासंबंधीं प्रसिद्ध कायदा झाला. त्याची योजना चतुर होती. पावाची किंमत कायम ठेवावयाची, आणि गव्हाचा भाव चढेल वा उतरेल त्याप्रमाणें त्याचें वजन कमी-अधिक करावयाचें. वजनांत चोरी केल्यास दंड होई, आणि पुन्हां पुन्हां अपराध करणाऱ्याला भर चौकांत खोड्यांत अडकवीत. हा कायदा लंडनमध्यें १८२२ पर्यंत व इतरत्र १८३६ पर्यंत कोणत्या ना कोणत्या रूपानें टिकला. ज्याचा पाव घरीं होत असे, त्याला या कायद्याशीं फारसें कर्तव्य नव्हतें. कायद्याची गरज लागते ती करणारा व खाणारा हे दोघे वेगळे झाल्यावर.

अठराव्या शतकांत ही फारकत खेड्यांपर्यंत पोहोंचली. तिचें पहिलें कारण जमीन हें होय. इंग्लंडांतील खेड्यांभोंवतीं आपल्या गायरानासारख्या सामायिक जमिनी असत. तेथें गरिबाची गाय चरे, आणि तेथूनच तो काटक्या, झुडुपें व वाळलेलें पीट नांवाचें जळण आणी. पार्लमेंटनें एकामागून एक कायदे करून या जमिनी कुंपणांत घातल्या व जमीनदारांच्या मालकीच्या केल्या. १७६० पासून पुढील साठ वर्षें या कायद्यांना जणूं पूर आला होता. शेतीचें उत्पन्न त्यामुळें वाढलें हें खरें. पण मजुराचें सरपण गेलें. भट्टी आहे, पण तिच्यांत घालावयास मोळी नाहीं, अशी स्थिति झाली. त्यांतच माल्टवरील करामुळें घरची बिअर महाग पडूं लागली व तिच्याबरोबर घरचें खमीरहि जाऊं लागलें. बायकामुलेंहि मजुरीला जाऊं लागलीं, तेव्हां वेळ गेला. चारांपैकीं तीन गोष्टी अशा एकामागून एक गेल्या.

या कारणमीमांसेला एक उत्तम पुरावा आहे. सर फ्रेडरिक ईडन या गृहस्थानें गरिबांच्या स्थितीची देशभर पाहणी करून १७९७ सालीं तीन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत उत्तर व दक्षिण इंग्लंडमधील मजुरांच्या आहारांतील भेद ठळकपणें दिसतो. उत्तरेकडील मजूर ओटची लापशी, सातूचा वा ओटचा घरचा पाव व दूध यांवर राही. दक्षिणेकडील मजूर विकतचा पांढरा पाव व चहा यांवर दिवस काढी. उत्तरेंत कोळसा स्वस्त होता व चूल दिवसभर पेटती असे. दक्षिणेंत जळण दुर्मिळ होतें. पुढें उत्तरेंतील घरांत कोळशावर तापणारी लोखंडी भट्टी आली आणि यॉर्कशायर-लँकेशायरमधील कष्टकरी कुटुंबांतून घरीं पाव भाजण्याची चाल विसाव्या शतकापर्यंत टिकली. दक्षिणेच्या बायका आळशी व उत्तरेच्या उद्योगी, असें याचें स्पष्टीकरण कोणीं दिल्यास तें खरें मानतां येणार नाहीं. फरक जळणाचा होता.

बाजारावर अवलंबून राहण्याचें भय १७९५ सालीं दिसून आलें. पीक बुडालें, फ्रान्सशीं युद्ध चालू होतें, गव्हाचा भाव कडाडला आणि गांवोगांव पावासाठीं दंगे झाले. ६ मे १७९५ रोजीं बर्कशायर परगण्याचे न्यायाधीश स्पीनहॅमलंड येथील पेलिकन नांवाच्या खाणावळींत जमले व त्यांनीं मदतीचें एक कोष्टक ठरविलें. ८ पौंड ११ औंस वजनाचा पाव एक शिलिंगाला झाला असतां प्रत्येक गरीब उद्योगी पुरुषाला आठवड्याला ३ शिलिंग, आणि बायको व कुटुंबांतील दुसऱ्या प्रत्येक माणसामागें दीड शिलिंग मिळावा; मजुरींतून जें कमी पडेल तें गांवच्या करांतून द्यावें; पाव महागेल तशी ही रक्कम वाढवावी. हेतु दयेचा होता. पण मजुराला पुरेशी मजुरी देण्याची जबाबदारी मालकावरून उतरून ती गांवावर पडली, आणि माणसाच्या जगण्याचें माप विकतच्या पावाच्या भावावर येऊन ठेपलें.

ही अवस्था पाहून ज्याचें मन पेटलें असा एक लेखक म्हणजे विल्यम कॉबेट. सरे परगण्यांतील एका शेतकऱ्याच्या घरीं जन्मलेला हा पुरुष वृत्तपत्रकार म्हणून गाजला व सरकारवर टीका केल्याबद्दल तुरुंगांतहि गेला. १८२१-२२ मध्यें त्यानें 'कॉटेज इकॉनमी' हें पुस्तक भागाभागांनीं प्रसिद्ध केलें. घरीं बिअर कशी करावी, पाव कसा भाजावा, गाय व डुकरें कशीं पाळावीं, हें त्यांत त्यानें आणा-पैशांच्या हिशेबानें समजावून सांगितलें. चहाचा त्याला तिटकारा होता व बटाट्यावर तर त्याचा विशेष राग होता. पावाच्या दुकानीं जाणारी मजुराची बायको त्याला उधळी तर वाटेच, पण निर्लज्जहि वाटे. कॉबेटचें गरिबांवरील प्रेम खरें होतें आणि हिशेबहि पुष्कळसे बरोबर होते. परंतु जेथें सरपणाची काडी मिळत नव्हती व बायको दिवसभर शेतावर राबत होती, तेथें दोष तिच्या माथीं मारणें न्यायाचें नव्हतें. उपदेशानें भट्टी तापत नाहीं.

याच सुमारास दुसऱ्या बाजूनें एक भयंकर गोष्ट उघडकीस आली. लंडनमध्यें राहणारा जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक अॅकम यानें १८२० सालीं अन्नांतील भेसळीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. पावांत तुरटी घालण्याची लंडनच्या भट्टीवाल्यांची चाल त्यानें त्यांत स्पष्ट मांडली. हलक्या प्रतीच्या पिठाचा पाव करडा व गचका होतो. तुरटीनें तो पांढरा, घट्ट व दिसावयास उत्तम होतो. गिऱ्हाइकाला पांढरा पाव हवा होता, कारण पांढरा पाव म्हणजे श्रीमंतांचा पाव असा समज होता. तेव्हां डोळ्यांना पांढरें दिसावें म्हणून पोटांत तुरटी जाऊं लागली. पुढें १८५१ पासून डॉ. आर्थर हॅसल यांनीं सूक्ष्मदर्शक यंत्रानें लंडनच्या बाजारांतील जिन्नस तपासून आपले निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकांत दुकानदारांच्या नांवनिशीसह छापले. त्यांच्या तपासांतहि पावांतील तुरटी सर्रास आढळली.

हॅसल यांच्या मागोमाग डॉ. जॉन स्नो यांनीं या विषयांत लक्ष घातलें. पटकीची सांथ दूषित पाण्यानें पसरते हें १८५४ सालीं लंडनमधील एका पंपाच्या उदाहरणानें दाखविणारे ते हेच. १८५७ मध्यें त्यांनीं 'लॅन्सेट'मध्यें असें मत मांडलें कीं, लंडनच्या मुलांना मुडदूस होतो त्याचें कारण पावांतील तुरटी असावी. तुरटीमुळें हाडांना लागणारें फॉस्फेट शरीराला मिळत नाहीं, असा त्यांचा तर्क होता. स्नो मूळचे यॉर्कचे. उत्तरेंत जेथें पाव घरीं होई तेथें हा रोग कमी दिसे, हें त्यांनीं हेरलें होतें. विसाव्या शतकांत संशोधनानें सिद्ध झालें कीं मुडदुसाचें मुख्य कारण 'ड' जीवनसत्त्वाचा व सूर्यप्रकाशाचा अभाव हें आहे. लंडनचें धुरानें झांकलेलें आकाश त्याला कारण होतें. स्नो यांचें अनुमान अशा रीतीनें अपुरें ठरलें. तरी घरचा पाव खाणारा मुलगा व बाजारचा पाव खाणारा मुलगा यांची तुलना करावी ही दृष्टि त्यांनीं दिली, हें लहान काम नव्हे.

येथें भट्टीवाल्यांचीहि बाजू ऐकली पाहिजे. सरकारनें नेमलेले ट्रेमेनहीर यांचा भट्टीकामगारांविषयींचा अहवाल १८६२ सालीं आला. जमिनीखालच्या कोंदट तळघरांत, मध्यरात्रीच्या सुमारास कामाला लागून दुसऱ्या दिवसापर्यंत राबणारे हे कामगार पाहून लोकांना धक्का बसला. कणीक मळतां मळतां त्यांचा घाम तिच्यांत पडत असे. भावाच्या चढाओढींत जो प्रामाणिक राही तो बुडे. १८६३ च्या कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलांना रात्रीच्या कामाची बंदी झाली व भट्ट्यांच्या स्वच्छतेची सक्ति आली. घरांतून गेलेलें गृहिणीचें कष्टाचें काम नाहींसें झालें नव्हतें. तें दुसऱ्या कोणाच्या तरी पाठीवर जाऊन बसलें होतें.

या सर्व कोलाहलांत सर्वांत समंजस शब्द एका स्त्रीनें उच्चारला. तिचें नांव इलायझा अॅक्टन. १७९९ सालीं ससेक्समध्यें जन्मलेली ही बाई प्रथम कवयित्री होती. १८४५ सालीं तिचें पाकशास्त्र प्रसिद्ध झालें व तें घरोघर गेलें. पाककृतीला लागणारे जिन्नस, त्यांचें प्रमाण व वेळ नेमकेपणानें वेगळीं देण्याची शिस्त इंग्रजी पाकग्रंथांत तिनें रुजविली. १८५७ सालीं, म्हणजे स्नो यांचा लेख आला त्याच वर्षीं, तिनें केवळ पावावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. जी वस्तु करावयास सर्वांत सोपी, तीच इंग्लंडांत शुद्ध मिळण्यास सर्वांत दुर्मिळ झाली आहे, ही तिची खंत होती. तिची रीत साधी होती. पीठ चांगलें घ्यावें, खमीर थोडें घालावें, घाई करूं नये, कणकेला फुगण्यास भरपूर अवधि द्यावा. बाजारवाला खमीर वाढवून वेळ वांचवितो. घरीं वेळ देऊन खमीर वांचवावें. कॉबेटनें बायकांना लाज वाटावी असें लिहिलें, अॅक्टनबाईंनीं त्यांना कृति शिकविली. पाव कसा होतो हें प्रत्येक दर्जाच्या स्त्रीला ठाऊक असावें असा तिचा आग्रह होता. १८५९ सालीं ती निवर्तली.

घरीं भाजण्याची चाल मात्र तिच्या ग्रंथानें दक्षिणेंत परत आली नाहीं. पाव शुद्ध झाला तो दुसऱ्या वाटेनें. १८६० सालीं भेसळीविरुद्ध पहिला सर्वसाधारण कायदा झाला. तो दुबळा ठरला. १८७२ मध्यें तो सुधारला आणि १८७५ च्या अन्न व औषध विक्रीच्या कायद्यानें त्याला खरे दांत फुटले. सरकारी तपासनीस नेमले गेले, नमुने प्रयोगशाळेंत जाऊं लागले, आणि तुरटी हळूहळू हटली. पण या कायद्यांना लोकांचा पाठिंबा मिळाला तो कशामुळें? शुद्ध पाव कसा दिसतो व कसा लागतो हें सांगणारीं माणसें अजून हयात होतीं. मापच हरवलें असतें, तर तक्रार तरी कोणीं केली असती?

पुढील हकीकत थोडक्यांत सांगतां येईल. १८७० नंतर पोलादी रुळांच्या गिरण्या आल्या. गव्हाचा कोंडा व अंकुर सहज वेगळा होऊं लागला आणि पांढरा पाव गरिबालाहि स्वस्त झाला, मात्र त्यांतलें सत्त्व कमी झालें. दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ सालीं, सरकारनें कोंड्याचा बराच भाग राखलेल्या पिठाचा 'नॅशनल लोफ' सर्वांना दिला. लोकांनीं नाकें मुरडलीं, पण प्रकृतीला तो मानवला. युद्ध चालू असतां पावावर नियंत्रण आलें नव्हतें; तें आलें युद्ध संपल्यावर, १९४६ पासून १९४८ पर्यंत. १९४४ सालीं डोरिस ग्रँट या बाईंनीं सबंध गव्हाच्या पिठाचा, मुळींच न मळतां करावयाचा पाव प्रसिद्ध केला. एकदां मळण्याचें त्या विसरल्या व तरी पाव चांगला झाला, यावरून ती कृति निघाली. १९६१ मध्यें चॉर्लीवुड येथील संशोधकांनीं कणीक यंत्रानें कांहीं मिनिटांत जोरानें घुसळून फुगण्याचा कित्येक तासांचा वेळ वांचविला. कारखान्यांतील पाव यामुळें आणखी स्वस्त व मऊ झाला. त्याला उत्तर म्हणून कीं काय, १९७७ सालीं एलिझाबेथ डेव्हिड यांनीं इंग्रजी पावावर मोठा ग्रंथ लिहून अॅक्टनबाईंचें नांव पुन्हां पुढें आणलें. आणि २०२० सालीं सांथीमुळें लोक घरांत कोंडले गेले, तेव्हां इंग्लंडांतील दुकानांतून पिठाच्या लहान पिशव्या दिसेनाशा झाल्या. देशांत पीठ भरपूर होतें. पण तें मुख्यतः कारखान्यांसाठीं मोठ्या प्रमाणावर जात असे. पिढ्यानुपिढ्या विसरलेली कृति हजारों घरांतून एकाएकीं आठवली गेली.

या इतिहासाचा बोध, प्रत्येक घरानें पुन्हां भट्टी बांधावी किंवा गृहिणीनें पुन्हां पहाटे उठून कणीक तिंबावी, असा काढूं नये. ते कष्ट होते, आणि ते टळले हें बरेंच झालें. आपल्याकडेहि जात्यावरचें दळण गिरणींत गेलें, तेव्हां ओंव्यांबरोबर हातांवरचे घट्टेहि गेले. परंतु काम घराबाहेर जाणें वेगळें आणि त्या कामाचें ज्ञान घराबाहेर जाणें वेगळें. इंग्लंडांतील गरिबांच्या हातून दोन्ही एकदम गेलीं, म्हणून त्यांच्या मुलांनीं दोन पिढ्या तुरटी खाल्ली. पीठ कशाचें, तें कसें फुगलें, त्यांत काय मिसळलें, हें ज्याला कळतें तो विकतचा पावहि डोळे उघडे ठेवून घेतो. म्हणून मुलाला असो वा मुलीला असो, पीठ, पाणी, मीठ व खमीर यांचा एक साधा पाव आणि तव्यावरची एक साधी भाकरी करावयास घरींच शिकवून ठेवावी. रोज करण्याची गरज पडो वा न पडो, बाजारांतला जिन्नस पारखण्याचें माप त्यामुळें घरांत राहील.